गोठलेल्या तळ्यावर गळ टाकण्याआधी

गंगापूर धरणाच्या काठावर डिसेंबरच्या पहाटे गळ टाकून बसलेल्या माणसाला पाणी कुठे सुरू होतं हे डोळ्यांना दिसत असतं. चिखल कुठवर आहे, पाय कुठे ठेवायचा नाही, हे अंधारातही कळतं. गोठलेल्या तळ्यावर नेमकी हीच खूण नाहीशी होते. काठ आणि मधलं पाणी एकाच पांढऱ्या पटाखाली झाकलं जातं, आणि त्यावर उभं राहणारा माणूस आपण जमिनीवर आहोत असं समजू लागतो.

माझा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला असतो. त्याच्याकडे मी दोन हिवाळे काढले. त्याच्या शेजारी राहणारे एक आजोबा उभा जन्म बर्फाला भोक पाडून मासे धरत आलेले. त्यांच्यामागे चालत आम्ही कोलोरॅडोतल्या डोंगरी तळ्यांवर गेलो, आणि जे शिकलो ते त्यांच्याकडून. आता दर थंडीत मला नाशिकमधून विचारणा होते. कोणी मुलाकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला निघालेलं असतं, कोणी शिकायला गेलेल्या लेकीच्या काळजीत असतं, कोणाचा ट्रेकचा ग्रुप हिमालयात गोठलेलं तळं बघायला चाललेला असतो. सगळ्यांना तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

बर्फ वरून का धरतो

निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला थंडी काय करते हे सांगायला नको. पारा खाली गेला की पहाटे पानांवरचं दव गोठतं, म्हणून बागेत शेकोट्या पेटतात, पाणी सोडलं जातं. पण आपल्याकडे तळं काही गोठत नाही. तिकडे गोठतं, आणि गोठतं ते वरून खाली. याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी सर्वात जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि शून्याला तिथेच गोठतं. बर्फ पाण्यापेक्षा साधारण आठ-नऊ टक्क्यांनी हलका, म्हणून तो तरंगत राहतो. तळाशी त्यातल्या त्यात उबदार, म्हणजे ४ अंशांच्या आसपासचं पाणी उरतं. मासे तगतात ते त्यामुळेच.

यातून एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. तुम्ही जमिनीला टेकलेल्या लादीवर उभे नसता, तरंगणाऱ्या झाकणावर उभे असता. खालचं पाणी हललं, तापलं किंवा कमी झालं, की झाकण बिघडतं. हवा कितीही गार असो.

किती जाडी पुरते

अमेरिकेतल्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यांचा सर्वमान्य आकडा असा: पायी चालणाऱ्या एका माणसासाठी नवा, पारदर्शक, घट्ट बर्फ किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर. स्नोमोबाइलसाठी, म्हणजे हिमावरून चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीसाठी, ५ ते ७ इंच. छोट्या मोटारीसाठी ९ ते १० इंच. माझ्यापुरतं विचाराल तर पाहुण्या माणसाने मोटारीचा आकडा वाचून विसरून जावा. तळ्यावर गाडी नेणारे लोक दिसतील, त्यांनी आग्रह केला तरी आपण चालत जावं.

हा ४ इंचांचा आकडा फक्त पारदर्शक बर्फाचा आहे. त्याला तिकडे काळा बर्फ म्हणतात, कारण त्यातून खालचं गडद पाणी दिसतं. आपल्या मनाला तो भीतिदायक वाटतो आणि पांढरा बर्फ भरवशाचा वाटतो. प्रत्यक्षात उलट आहे. पांढरा बर्फ म्हणजे हिम भिजून पुन्हा गोठलेला, आत हवेचे बुडबुडे अडकलेले. त्याची ताकद जवळपास अर्धी. म्हणून पांढऱ्याची जाडी अर्धीच धरायची. भोक पाडल्यावर वरचे ३ इंच पांढरे आणि खालचे ३ इंच पारदर्शक निघाले, तर तो ६ इंचांचा नाही, साडेचार इंचांचा बर्फ आहे. करड्या रंगाचा बर्फ दिसला तर हिशेब करत बसू नये. करडा म्हणजे आत पाणी मुरलेलं. मागे फिरावं.

मी स्वतः हिशेबाने ५ इंच भरल्याशिवाय बसत नाही. चालणं वेगळं आणि चार तास एका जागी सामान मांडून बसणं वेगळं.

मार्चनंतरचा बर्फ हा आणखी वेगळा प्रकार. तो फूटभर जाड असू शकतो आणि तरीही कुजका असतो. उन्हाने त्याचे उभे, मेणबत्तीसारखे स्फटिक सुटे होतात आणि पायाखाली एकमेकांपासून निसटतात. त्या दिवसांत जाडी मोजून उपयोग नाही.

जागा वाचायची कशी

एकाच तळ्यावर दहा पावलांवर बर्फाची जाडी बदलते. धोक्याच्या जागा ओळखता येतात, फक्त घाई नको.

ओढा जिथून तळ्यात येतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाणी वाहतं राहतं, बर्फ पातळ राहतो. तळाशी झरा असेल तिथेही तसंच. दोन किनारे जवळ आल्याने पाणी अरुंद झालेली जागा आणि पुलाखालची जागा, याही धोक्याच्याच. बर्फातून वर आलेली झाडाची खोडं आणि काळे खडक ऊन शोषतात आणि भोवतीचा बर्फ आतून सैल करतात. बदकं किंवा हंस जिथे थव्याने बसतात तिथे ते पाणी गोठू देत नाहीत, त्यांनी सोडलेल्या जागेवर नंतर कोवळी साय धरते. आणि जिथे बर्फाच्या दोन लाद्या एकमेकींवर चढून लांबलचक उंचवटा तयार होतो, त्याच्या दोन्ही बाजूंना उघडं पाणी असू शकतं. तो ओलांडू नये.

हिमाचा जाड थर दिसला की आपल्याला वाटतं थंडी भरपूर पडली आहे. पण हिम म्हणजे बर्फावर घातलेली दुलई. खालचा बर्फ तिच्यामुळे वाढत नाही. शिवाय तिच्या वजनाने लादी खाली दबते, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली लगदा होतो. पाय त्यात रुतला आणि बूट भिजला की दिवस तिथेच संपवावा.

बर्फ आवाज करतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जागीच थिजलो. लांबवर तोफ डागावी तसा आवाज येतो आणि तो पायाखालून सरकत पलीकडच्या काठाला जातो. आजोबा म्हणाले, तो वाढतोय, ताणतोय. तापमान बदललं की लादी फुगते-आकसते, त्याचा हा आवाज, आणि तेवढ्याने भिण्याचं कारण नाही. भ्यायचं ते पायाजवळ बारीक कडकड झाली आणि भेगेतून पाणी वर आलं तर.

धरणाचं तळं

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहितो आहे, कारण नाशिकच्या माणसाला तो चटकन समजेल. गंगापूर, दारणा, मुकणे: आपली सगळी तळी धरणांची. आवर्तन सुटलं की काठ किती मागे जातो हे आपण बघत आलो आहोत. कोलोरॅडोतली अनेक डोंगरी तळीही अशीच बांधलेली आहेत. डिलनचा जलाशय डेन्व्हर शहराला पाणी पुरवतो.

आता कल्पना करा, तळं गोठलं आणि मग खालून पाणी सोडलं. मधली लादी पाण्याबरोबर खाली उतरते. काठाजवळची लादी मात्र जमिनीला चिकटलेली असते. ती वाकते, तडकते, आणि कधी तिच्याखाली नुसती पोकळी राहते. वरून काही कळत नाही. माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला तो असाच, काठापासून जेमतेम सहा पावलांवर, मध्ये १० इंच बर्फ असलेल्या तळ्यावर. खाली गुडघाभरच पाणी होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा नियम आहे: धरणाच्या तळ्यावर पहिली वीस पावलं ही सर्वात धोक्याची. बांध, विसर्गाची तोंडं आणि पाणी उपसण्याच्या विहिरी यांच्या आसपास तर फिरकूच नये.

पहार पुढे, माणूस मागे

तळ्यावर जाण्याच्या आदल्या दिवशी जवळच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विचारावं. त्यांना जाडी रोजची ठाऊक असते. पण ती माहिती फक्त जायचं की नाही हे ठरवण्यासाठी. पाऊल टाकायचं ते स्वतः मोजून.

आपल्याकडे खड्डा खणायला असते तशी जड लोखंडी पहार बरोबर घ्यायची, टोक छिन्नीसारखं धारदार. काठावर उभं राहून एक पाऊल पुढे जोरात मारायची. घट्ट बर्फाचा आवाज ठणठणीत येतो आणि टोक थोडंसंच रुततं. आवाज पोकळ आला, पाणी वर आलं, किंवा एक-दोन घावांत पहार आरपार गेली, तर आल्या पावलांवरून मागे. हेच प्रत्येक दोन पावलांवर करत जायचं. पहारेच्या मागच्या टोकाला दोरीचा फास करून मनगटात अडकवावा, नाहीतर आरपार गेलेली पहार तळाला जाते.

काठ सोडल्यावर गिरमिटाने पहिलं भोक पाडायचं. गिरमीट म्हणजे सुताराचंच, फक्त कमरेएवढं उंच आणि हाताने किंवा बॅटरीवर फिरणारं. भोकात मोजपट्टी घालून तिचं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचं आणि वाचायचं. पुढे दर ४०-५० मीटरवर नवं भोक, नवं माप. जाडी कमी होत चालली आहे असं दोन भोकांत दिसलं की तिसरं पाडायचं नाही.

एकट्याने जायचं नाही. दोघांत किमान दहा-बारा पावलांचं अंतर, एकामागे एक. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून जायचं.

अंगावर आणि पाठीवर

सुती बनियन घरी ठेवा. सूत घामाने भिजतं आणि वाळत नाही. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. त्यावर लाइफ जॅकेट, किंवा तिकडे मिळतो तो तरंगणारा सूट. बुटांना खिळ्यांचे पट्टे. काळा चष्मा आणि सनस्क्रीन, कारण हिमावरून परावर्तित होणारं ऊन डोळे भाजून काढतं.

सर्वात महत्त्वाची वस्तू सर्वात स्वस्त आहे: बर्फखिळे. मुठीत मावतील असे लाकडाचे दोन तुकडे, प्रत्येकात एक टोकदार खिळा, दोन्ही एका दोरीने जोडलेले. ते गळ्यात, जॅकेटच्या बाहेर घालायचे. पिशवीत ठेवलेल्या बर्फखिळ्यांचा उपयोग नाही. त्याशिवाय शिट्टी, १५ मीटर तरंगणारी दोरी, आणि बंद प्लास्टिकच्या पिशवीत कपड्यांचा पूर्ण कोरडा जोड. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, म्हणजे बॅटरी टिकते.

उंची विसरू नये. कळसूबाई १,६४६ मीटर. डिलनचं तळं जवळपास २,७५० मीटरवर, म्हणजे आपल्या सर्वात उंच शिखराच्याही अकराशे मीटर वर. विमानातून उतरल्यावर एक-दोन दिवस डेन्व्हरला थांबावं, पाणी भरपूर प्यावं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जाऊ नये, वर गेल्यावर झालं तर खाली यावं.

गळ टाकणं

यावर थोडक्यात लिहितो, कारण गळ टाकायला तुम्हाला मी काय शिकवणार. परवाना आधी काढायचा. किती गळ टाकता येतात, किती मासे ठेवता येतात, हे प्रत्येक तळ्याचं वेगळं असतं, तेही तेव्हाच वाचून घ्यायचं.

ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी ६ ते ८ इंच व्यासाचं भोक पुरतं. भोकं एकमेकांना खेटून पाडू नयेत, लादी कमजोर होते. भोकातला बर्फाचा चुरा काढायला आपल्या भजी तळायच्या झाऱ्यासारखाच लांब दांड्याचा झारा असतो. काठी जेमतेम दोन-अडीच फुटांची, कारण तुम्ही भोकावर वाकून बसलेले असता. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बारीक, ४ ते ६ पौंडांचा ताण सोसणारा. शिशाच्या मण्यावर बसवलेला छोटा गळ, त्याला गांडूळ किंवा अळी.

आधी शिसं तळाला टेकवून खोली मोजायची, मग फूटभर वर घ्यायचं. थंड पाण्यात मासा सुस्त असतो. कटला ओढतो तसा झटका मिळणार नाही, काठीचं टोक नुसतं जड झाल्यासारखं वाटेल. म्हणून गळ हलवायचा तो बोटभर, आणि मध्ये मध्ये स्थिर धरायचा. रेनबो ट्राउट बहुधा उथळ उतारावर फिरतो, लेक ट्राउट खोलात. पहाट आणि दुपार कलल्यानंतरचा वेळ चांगला. अर्ध्या तासात काही लागलं नाही तर भोक बदलावं. सोडून द्यायचा मासा बर्फावर टाकू नये, त्याचे डोळे आणि कल्ले गोठतात. ओल्या हाताने धरून भोकातच सोडावा.

तंबूतली शेगडी

वाऱ्यापासून बचाव म्हणून भोकावर छोटा तंबू उभारतात आणि आत गॅसची शेगडी लावतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, हे आपल्याकडे प्रत्येक घरात सांगितलं जातं. तेच इथेही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तंबूला वर एक आणि खाली एक झरोका उघडा ठेवायचा, या वायूची सूचना देणारा, बॅटरीवर चालणारा गजर आत टांगायचा. डोकं जड झालं, झोप यायला लागली, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मग कारण शोधायचं.

बर्फ फुटला तर

हा भाग घरी मोठ्याने वाचावा, बरोबर येणाऱ्या प्रत्येकाने.

पाण्यात पडल्याबरोबर शरीर धक्क्याने जोरात श्वास ओढतं आणि धाप लागते. हा सगळ्यात धोक्याचा मिनिट. तोंड पाण्याबाहेर ठेवायचं, हातपाय झाडायचे नाहीत, श्वास काबूत येऊ द्यायचा. तो येतो. त्यानंतर हातापायांत काम करण्याची ताकद उरते ती साधारण १० मिनिटं. थंडीने शुद्ध हरपायला तासभरही लागू शकतो. म्हणजे वेळ आहे. घाबरून पहिल्या मिनिटात सगळी ताकद घालवली तरच तो हातचा जातो.

जॅकेट काढू नका, त्यात हवा अडकलेली असते. ज्या बाजूने आलात त्या बाजूला तोंड करा, कारण त्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं आहे. कोपरापर्यंत हात बर्फावर टाका, बर्फखिळे रोवा, पोहताना मारतो तसे पाय मारत शरीर आडवं करा आणि पोटावर सरपटत वर या. कड तुटली तर पुढची कड धरा, घट्ट बर्फ लागेपर्यंत. बाहेर आलात की उभं राहायचं नाही. लोळत लोळत, आलेल्या वाटेनेच लांब जा. मग रांगा. काठाजवळ आल्याशिवाय उठू नका.

बाहेर असलेल्याने धावत जवळ जायचं नाही. एका भोकात दोघे जातात ते असे. मोठ्याने बोलत राहा, नाव घेऊन सूचना द्या: इकडे तोंड कर, पाय मार. ९११ ला फोन करा, भारतात असाल तर ११२. दोरी फेका. दोरी नसेल तर फांदी, शिडी, गिरमीट, जे हाताला येईल ते पालथं झोपून पुढे सरकवा.

वर आल्यावर ओले कपडे लगेच काढा, कोरडे घाला, डोकं झाका, वारा अडवा. ऊब छाती-पाठीला द्या. हातपाय चोळू नका, गरम पाण्यात बुडवू नका. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा. दारू अजिबात नाही. थरथर थांबली आणि बोलणं अडखळू लागलं तर बरं वाटतंय असं समजू नका, ती जास्त बिघडल्याची खूण आहे. त्या माणसाला चालवू नका, आडवं ठेवून हळुवार हलवा. आणि बरा दिसत असला तरी दवाखान्यात न्या.

हिमालयात जाणाऱ्या मुलांसाठी

गळ घेऊन जाऊ नका. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, तो त्यांच्या विणीचा काळ. तिकडे प्रश्न आहे तो फोटोसाठी तळ्यावर उतरण्याचा. केदारकंठाच्या वाटेवरचं जुडा का तालाब असो किंवा ब्रह्मताल, वर हिम पडलेलं असतं आणि कोणाच्याही हातात गिरमीट नसतं. काल दुसरा ग्रुप मधोमध नाचला, ही आजची जाडी होत नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चिल्ला-ए-कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरू होतात, दल सरोवरावर साय धरते, आणि प्रशासन दरवेळी सांगतं की त्यावर चालू नका. न मोजलेल्या बर्फावर उतरायचं नाही. फोटो काठावरून घ्या. दहा-पंधरा जण एकाच जागी घोळका करून उभे राहू नका, स्थानिक वाटाड्याने मापून दाखवलेलं असलं तरीही.

परतताना

दुपारी तीननंतर सामान आवरायला लागावं. भोकांवर रात्री पातळ साय धरते आणि सकाळी येणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून प्रत्येक भोकात एक फांदी उभी रोवून ठेवायची. तंगसाचे तुकडे, गळ, पिशव्या सगळं परत. माणसं मोजायची.

सकाळी ज्या वाटेने आलो ती वाट संध्याकाळी तशीच असेल असं धरू नये. माझ्या शेवटच्या दिवशी आम्ही पाच ट्राउट घेऊन काठाकडे निघालो. सकाळी भाच्याने जिथे पहार मारली तिथे ठणठणीत आवाज आला होता. दिवसभर त्या उताराला ऊन लागलं होतं. काठाच्या आठ पावलं अलीकडे त्याने पुन्हा पहार मारली, आणि भोकातून बोटभर पाणी वर आलं. "मामा, थांबा तिथेच," एवढंच तो म्हणाला. आम्ही वळलो, सूचिपर्णी झाडांची सावली पडली होती त्या बाजूने पहारेने ठोकत ठोकत शंभरेक पावलं फिरून गेलो आणि तिथून वर चढलो.